पिशवीसकट वजन

४ मार्च

आत्या,

आधी घडलं ते क्रमाने लिहिते. माझी मतं नंतर.

१. प्राण्याचं वजन आणि तो स्वस्थ बसलेला असताना त्याला लागणारा प्राणवायू, यांचा संबंध हा माझ्या प्रबंधाचा विषय आहे. दहापट वजनाच्या प्राण्याला दहापट प्राणवायू लागत नाही. साधारण साडेपाचपट लागतो.

२. दोन्ही आकडे लॉगच्या आलेखावर मांडले की बिंदू जवळपास एका सरळ रेषेत येतात. रेषेचा उतार पाऊण की दोन तृतीयांश, यावर माणसं एकमेकांशी बोलायची थांबली आहेत. मी तिसरंच म्हणते. रेषा सरळ नाही. लहान प्राण्यांपाशी ती खाली वाकते. माझं तिसरं प्रकरण या वाकण्यावर उभं आहे.

३. वाकणं दिसतं ते आठ प्राण्यांमुळे. पाच वटवाघळं, तीन चिचुंद्र्या. सगळ्यांची नोंद पन्नास ग्रॅमच्या आतली. तीस वर्षांपूर्वी एका प्राणी-संशोधन संस्थेत ही मोजमापं झाली. माझ्याकडे त्यांची टाइप केलेली यादी होती.

४. प्रबंधाच्या तपासनीसाने विचारलं, मूळ नोंदवही पाहिलीत का? पाहिली नव्हती. गेल्या मंगळवारी जाऊन पाहिली.

५. नोंदवहीतलं अक्षर तुझं आहे.

याबद्दल मला शंका नाही. सातला मधोमध आडवी रेघ आणि रेघेच्या टोकाला टिंब. माझ्या प्रत्येक फ्रॉकला टाचणीने लावलेल्या चिठ्ठीवर तो सात असायचा. बाबांना विचारलं, तर म्हणाले, "ती कुठेतरी लिहायचं काम करायची, मग सोडलं आणि शिवणाचं दुकान काढलं. तू कशाला उकरत बसतेस?"

उकरत नाही. एकच प्रश्न आहे. वटवाघूळ काही तागडीत शहाण्यासारखं बसत नाही, त्याला कशात तरी घालून तोलावं लागतं. वहीत रकान्याचं नाव नुसतं "वजन" आहे. हे वजन पिशवीसकट आहे की पिशवी वजा करून?

उत्तर लेखी हवं. फोनवर तू "हो गं, हो गं" म्हणतेस आणि जेवलीस का विचारतेस.

तुझी,
भाची

१० मार्च

लाडक्या दशांशला पोटभर आशीर्वाद. मोजून घे.

पत्र दोनदा वाचलं. एकदा चष्मा लावून, एकदा काढून. दोन्ही वेळा तेवढंच कळलं. पाच वर्षांची असताना तुला विचारलं होतं, खिडकीत चिमण्या किती? तर म्हणालीस साडेतीन, कारण एकीचं नुसतं शेपूट दिसतंय. तेव्हाच मी दादाला म्हटलं होतं, ही पोरगी कोणाला सुखाने जगू द्यायची नाही.

इथे दवाखान्याचे कोट शिवायला आलेत, चाळीस. परिचारिका मापं देताना पोट आत घेतात आणि मग कोट घट्ट झाला म्हणून माझ्या नावाने बोंब मारतात. मशीनचा पट्टा तुटला होता, नवा बसवला. गुडघा आहे तसाच आहे. तू जेवतेस ना वेळेवर?

होते मी त्या संस्थेत. चार वर्षं. नाही म्हणत नाही. पण कुठल्या जनावराला कशात घालून तोललं ते आज कुठून आठवणार, बाई? मला काल दुपारी कात्री कुठे ठेवली ते आठवत नाही. पिशव्या होत्या, दुहेरी शिलाईच्या, शिवण आतून दाबलेली, म्हणजे धागा सुटून पिल्लांच्या नखात गुंतू नये. वजनाचं मात्र काही लक्षात नाही. वहीत जे आहे ते खरं धर आणि पुढे जा.

एक विचारते, राग मानू नकोस. हे सगळं विचारायला त्या संस्थेने सांगितलंय का तुला? काही हरवलंय, असं म्हणतात का ते?

आत्या

१४ मार्च

आत्या,

संस्थेने मला काहीही सांगितलेलं नाही. काही हरवलंय असं तिथे कोणी म्हटलं नाही. ते तू म्हणालीस.

शिवण आतून दाबलेली होती हे तुला आठवतं, वजन आठवत नाही. माझ्या कामात असं उत्तर आलं की त्यावर लाल खूण करतात.

हे एवढं महत्त्वाचं का, ते सांगते. पिशवी सहा ग्रॅमची होती असं धर. चारशे ग्रॅमच्या प्राण्यात ती मिसळली तर कोणाला पत्ताही लागणार नाही. नऊ ग्रॅमच्या वटवाघळात मिसळली तर वटवाघूळ पंधरा ग्रॅमचं होतं. लॉगच्या आलेखावर ग्रॅम मोजत नाहीत, पट मोजतात. वटवाघळाचा बिंदू उजवीकडे सरकतो, आणि प्राणवायू तेवढाच राहिल्यामुळे रेषेच्या खाली पडलेला दिसतो. तुझ्या भाषेत सांगायचं तर कोटाला दोन इंच कापड जास्त सुटलं तर चालून जातं. बाहुलीच्या कोटाला सुटलं तर बाहुली सापडत नाही.

मी आंधळेपणाने काम केलेलं नाही. नात्यांचा हिशोबही केला आहे. पाच वटवाघळं म्हणजे पाच स्वतंत्र साक्षीदार नव्हेत. ती चुलत-मावस भावंडं आहेत, एका घरात ऐकलेली गोष्ट पाच तोंडांनी सांगतात. म्हणून त्यांची साक्ष तेवढी हलकी धरली. तरी वाकणं टिकलं. म्हणजे एक तर ते खरं आहे, नाहीतर आठही जणांना एकच चूक चिकटली आहे.

२५ मार्चपर्यंत तुझं उत्तर आलं नाही तर मी आठही बिंदू काढून टाकणार आहे. कारणाच्या जागी "वजनं विश्वासार्ह नाहीत" असं लिहावं लागेल. वही तुझ्या हातची आहे. ते वाक्य लिहायला मला आवडणार नाही.

वेळेवर जेवते.

तुझी,
भाची

२९ मार्च

आत्या,

उत्तर नाही. दुकानात फोन केला, कोणी उचलला नाही. शेजारच्या घड्याळवाल्यांना केला. ते म्हणाले, "बाईंनी आठ दिवस झाले, दार अर्धंच उघडलंय. आतून सामान ओढल्याचा आवाज येतो." बाबांना तू "बरी आहे, कामात आहे" एवढंच सांगितलंस.

आठ बिंदू काढले. रेषा सरळ आली. दिसायला फार सुंदर आहे. चार दिवस मी तिच्याकडे बघते आहे आणि मला ती नकोशी वाटते. साक्षीदार खोटा ठरला म्हणून घरी पाठवणं वेगळं, आणि तो अडचणीचा आहे म्हणून हाकलणं वेगळं. आलेखात दोन्ही सारखंच दिसतं. माझ्या मार्गदर्शक सरांशी बोलले. ते म्हणाले, "तुझं लग्न लागलंय का त्या वटवाघळांशी? संपव आता." तरी महिनाभराची मुदत वाढवून मागितली आहे.

माझं पत्र कडक होतं. मजकूर बदलत नाही, पण सूर बदलला असता तर बरं झालं असतं.

बरी आहेस ना? हा प्रश्न प्रबंधाचा नाही.

६ एप्रिल

दशांश,

सोबतचं पुडकं जपून उघड. आत वही आहे. कव्हर उंदरांनी कुरतडलंय, म्हणजे बघ, ज्यांना तोललं त्यांच्याच गोतावळ्याने. आतली पानं शाबूत आहेत.

बरी आहे मी. ही वही शोधत होते. तीस वर्षांचे कागदी नमुने, तीन कपाटं. लग्न होऊन दोन-दोन मुलं झालेल्या बायकांच्या शाळेतल्या गणवेशांची मापं निघाली, पण वही निघेना. शेवटी जुन्या मशीनच्या पेटीत, तळाला सापडली. मीच लपवली होती, मग मलाच का सापडावी लगेच?

आता खरं सांगते. तू विचारलंस तेव्हाच सांगायला हवं होतं.

माझं काम मोजण्याचं. काचेच्या बरणीत जनावर ठेवायचं, हवा सोडायची, बाहेर येणाऱ्या हवेत प्राणवायू किती उरला ते दर दहा मिनिटांनी लिहायचं. आधी पिशवीत घालून तोलायचं. पिशव्या मीच शिवलेल्या, चौदा. पहिल्याच महिन्यात माझ्या लक्षात आलं की पिशवीचं वजन एक राहत नाही. जनावर घाबरलं की ओली करतं. धुवून वाळवली तरी दमट दिवसात ती वेगळीच भरते. कोरडी सहा पूर्णांक दोन, ओली पावणेआठ, कधी आठ. म्हणून मी वेगळी वही केली. कुठल्या दिवशी, कुठल्या जनावराला, कितव्या क्रमांकाची पिशवी, आणि जनावर काढल्याबरोबर त्या पिशवीचं वजन. मोठ्या वहीत पिशवीसकट वजन लिहायचं, लहान वहीत पिशवीचं, आणि सगळं मोजून झालं की शेवटी एकदम वजाबाकी. अशी माझी पद्धत.

साहेब म्हणाले, दोन वह्या म्हणजे दोन घोळ. सरसकट पाच ग्रॅम वजा कर. मी म्हटलं, साहेब, पाच ग्रॅमची एकही पिशवी नाहीये. दोन-तीनदा म्हटलं. एकदा सगळ्यांसमोर म्हणाले, "तुला शिवणटिपणाला ठेवलेलं नाही इथे. शिंप्याच्या पोरीने मला ग्रॅम शिकवू नयेत." लोक हसले. मोठ्याने नाही, पण हसले.

मी जागेवरून उठले. पिशव्या माझ्या, वही माझी, असं म्हणाले, की नुसतं मनात म्हणाले, देव जाणे. लहान वही उचलली आणि घरी आले. परत गेलेच नाही. शेवटची वजाबाकी राहिली ती राहिलीच.

पहिल्या आठवड्यात राग होता. दुसऱ्या आठवड्यात वाटलं, पोस्टाने पाठवून द्यावी. पाकिटावर पत्ताही लिहिला. मग वाटलं, चोरीचा आळ येईल. मग वर्ष झालं, मग साहेब गेले, आणि मग कोणाला पाठवणार? दादालाही बोलले नाही. चार वर्षांचं काम मी एका दुपारच्या रागात मोडून ठेवलं, आणि मोडलंय हे फक्त मला माहीत. कोणीतरी एक दिवस ते आकडे खरे धरून चालेल आणि तोंडावर आपटेल, ही भीती मला तेव्हापासून आहे. ते कोणीतरी तू निघालीस.

तुझं प्रकरण माझ्यामुळे गेलं. तुला काय वाटेल ते लिही. "विश्वासार्ह नाहीत" लिहायचं तर माणसाविषयी लिही, वजनांविषयी नको. वजनं मी नीट केली होती गं.

आत्या

१५ एप्रिल

आत्या,

बस आणि मग वाच.

वही परवा मिळाली. प्रत्येक नोंद मोठ्या वहीशी जुळवली. दोनशे अकरा नोंदी, त्यातल्या दोनशे नऊ तारीख आणि वेळेसकट जुळल्या. उरलेल्या दोन ठिकाणी तू स्वतःच "शाई सांडली, खात्री नाही" असं लिहिलं आहेस. मी आजवर पाहिलेल्या मोजमापांत इतकी स्वच्छ दुसरी नाहीत. हे मी भाची म्हणून लिहीत नाही.

मग वजाबाकी केली. आठपैकी सात बिंदू डावीकडे सरकले आणि रेषेवर जाऊन बसले. पहिल्यांदा आलेख पुन्हा काढला, कारण विश्वास बसेना. दुसऱ्यांदाही तेच. लहान प्राण्यांचा उतार आधी जवळपास एक येत होता. आता पॉइंट चौऱ्याहत्तर येतो, पॉइंट सहासष्ट ते पॉइंट ब्याऐंशीच्या मधे कुठेही असू शकेल. म्हणजे पाऊणवाले आणि दोन तृतीयांशवाले, दोघांनाही भांडायला जागा आहे. वाकणं नाही. कधीच नव्हतं. तुमच्या साहेबांचे सरसकट पाच ग्रॅमही वजा करून पाहिले. वाकणं बरंचसं जातं, सगळं जात नाही. त्यांनी ऐकायला हवं होतं.

आठवा बिंदू खालीच राहिला. वजन बरोबर, तरी प्राणवायू निम्म्याहून कमी. दीड तास मी गणितात चूक शोधत होते. मग लहान वहीच्या शेवटच्या रकान्यात तुझी ओळ दिसली: "आळशी. अंग गार लागतं. मेला वाटला. खिशात धरल्यावर हलला." वटवाघळं अशी गार पडतात, आत्या. शरीराची शेगडी मंद करून पडून राहतात. तो स्वस्थ बसलेला नव्हता, जवळजवळ बंद होता. त्याला या रेषेत घ्यायचंच नसतं. तो बिंदू मी काढला आणि कारणाच्या जागी तुझी ओळ जशीच्या तशी लिहिली. काढण्याचं याहून चांगलं कारण मला कधी मिळालेलं नाही.

तिसरं प्रकरण पडलं, हे खरं. आता तुझ्या त्या वाक्याबद्दल. माझं प्रकरण तुझ्यामुळे गेलं नाही. तपासनीसाने विचारलं नसतं, तुझं अक्षर मी ओळखलं नसतं, तर वाकलेल्या रेषेवर मला पदवी मिळाली असती, आणि पुढे कधीतरी कोणी ती वही उघडेल या धास्तीत मी जगले असते. तसं जगणं कसं असतं ते तुला माहीत आहे. मला आता माहीत करून घ्यावं लागणार नाही.

खरं सांगायचं तर वाकण्याबद्दल मला डिसेंबरपासून शंका होती. कोणाला बोलले नव्हते. आलेख उघडायची वेळ आली की दुसरं काम काढायचे. परवापासून काढत नाही. सरांना नवा आलेख दाखवला. ते म्हणाले, "ही बाई आपल्याकडे नोकरीला येईल का?"

प्रकरण नव्याने लिहिते आहे. सहा ग्रॅमची पिशवी रेषा कशी वाकवते, यावर.

तुझी,
दशांश

२१ एप्रिल

माझ्या दशांशला,

बस म्हणालीस, पण पत्र आलं तेव्हा दुकानात होते. समोर एक परिचारिका, माझ्या तोंडात टाचण्या, तिचा कोट अर्धा टाचलेला. वाचता वाचता रडायलाच लागले. ती घाबरली, म्हणाली, "मावशी, एवढी का मी जाड झालेय?" टाचण्या काढून हसले मग. तिलाही हसू आवरेना, कशाला हसतोय ते न कळता.

दोनशे नऊ जुळल्या? त्या दोनातली एक मला आठवते. शाई साहेबांनीच सांडली होती.

आणि तो आळशी जिवंत राहिला बरं का. खिशातून काढला तर माझं बोट चावला. मी आपली रडकुंडीला आलेली, आणि हा चावतोय. त्या दिवशी डब्यातला घास मला गोड लागला होता. काल रात्रीही जेवण तसंच लागलं. सहा ग्रॅमचं ओझं गं, आणि तीस वर्षं वाहिलं.

दार पूर्ण उघडलंय. घड्याळवाले येऊन चौकशी करून गेले.

एक काम कर. वही त्यांची त्यांना देऊन टाक. माफी मागायची असेल तर मी येऊन मागते, तू मधे पडू नकोस.

आत्या

३० एप्रिल

आत्या,

वही काल संस्थेत दिली. दफ्तर सांभाळणाऱ्या बाईंनी दोन्ही वह्या शेजारी ठेवून पाहिल्या, अक्षर जुळवलं आणि विचारलं, "ही इतकी वर्षं कुठे होती?" मी म्हटलं, "जपून ठेवलेली होती." त्या म्हणाल्या, "बरं झालं, इथे असती तर मागच्या पावसातल्या गळतीत गेली असती." बस, एवढंच. पोच दिली आहे, सोबत पाठवते. माफी मागायला येण्याची गरज नाही. यायचंच असेल तर माझ्या तोंडी परीक्षेला ये. ती जूनमध्ये आहे, मुदतवाढ मिळाली.

आता कामाचं. तिसऱ्या प्रकरणाचा लेख मी एका नियतकालिकाकडे पाठवते आहे. लेखक दोन आहेत. पहिली मी, दुसरी तू. हे उपकार म्हणून नाही. मोजमापं तुझी, पद्धत तुझी, आळशीबद्दलचा निर्णयही तुझाच. तुला वगळलं तर मी आकड्यांत फेरफार केल्यासारखं होईल. सरांनी हे न विचारताच मान्य केलं.

नियमाप्रमाणे प्रत्येक लेखकाची लेखी संमती लागते. तो कागद सोबत आहे. तीनही पानं वाच, नुसती सही करू नकोस. दुसऱ्या पानावर तुझ्या नावापुढे "कामाचं ठिकाण" असा रकाना आहे. तिथे ती संस्था लिहिता येईल, किंवा दुकानाचं नाव आणि पत्ता. दोन्ही नियमात बसतं, मी विचारून घेतलं आहे. सर म्हणाले, संस्था लिही, वजनदार दिसेल. मी रकाना कोरा ठेवला आहे. तो तू भरायचा आहेस.

सही केलेला आणि रकाना भरलेला कागद २० मेपर्यंत माझ्याकडे पोचायला हवा. परीक्षेला येणार का, त्याचं उत्तरही त्याच तारखेपर्यंत पाठव.

तुझी,
दशांश